कौसल्येचं लोणचं

नवीन जालन्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सुमेधा गृहविज्ञान शिकवते. बारावीच्या मुलींना ती दरवर्षी एक प्रकल्प देते. घरातला एक पदार्थ घ्यायचा, त्याची रीत लिहायची आणि खाली लिहायचं की ही रीत घरात कोणी आणली, तिला कोणी शिकवली, त्या शिकवणारीला कोणी. जितकं मागं जाता येईल तितकं जायचं. बहुतेक मुली आईपाशी थांबतात. एखादी आजीपर्यंत पोचते आणि पुढं ‘पूर्वापार चालत आलेली’ असं लिहून मोकळी होते. त्या तीन शब्दांखाली सुमेधा लाल रेघ ओढते. पूर्वापार काही चालत येत नाही, असं ती वर्गात सांगते; कोणीतरी कोणालातरी जवळ बसवून सांगितलेलं असतं, आणि त्या दोघींना नावं असतात.

मागच्या वर्षी भादव्यात प्रीती नावाच्या मुलीचा कागद तिच्या हातात आला. प्रीती कुंभार पिंपळगावची, शेतकऱ्याच्या घरातली, जालन्यात वसतिगृहात राहून शिकणारी. तिनं वाळकाचं गोड लोणचं लिहिलं होतं. वाळूक म्हणजे पावसाळ्यात रानात तुरीच्या कडेनं येणारी पट्ट्यापट्ट्यांची गावठी काकडी. गूळ, सिरका, दालचिनी, लवंग, बडीशेप, सगळं मापानिशी होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे याला कौसल्येचं लोणचं म्हणतात. कौसल्या कोण हे आजी सांगत नाही. बरणी भरण्याआधी आजी दार लावून एकटीच काहीतरी करते. ते मला माहीत नाही.’

सुमेधानं तो कागद दोनदा वाचला आणि लाल पेन खाली ठेवलं. तिच्या आईच्या आईचं नाव कौसल्या होतं. ती कुंभार पिंपळगावच्या बौद्ध वस्तीत राहायची. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामावर पाझर तलावाची खोदाई चालू असताना, मुरमाची दरड अंगावर येऊन ती गेली. तिचा फोटो घरात नव्हता. ती कशी बोलायची, काय रांधायची, यातलं सुमेधाला काहीच ठाऊक नव्हतं, कारण आईनं कधी सांगितलं नव्हतं.

आई म्हणजे सत्यशीला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, मे महिन्यात निवृत्त झाली. सुमेधाचा नवरा राजानंद नोकरीसाठी नांदेडला, त्यामुळं मस्तगडातल्या दोन खोल्यांच्या घरात मायलेकीच असायच्या. सुमेधानं त्या संध्याकाळी कागद आईपुढं ठेवला. सत्यशीलेनं चष्मा लावून तो वाचला, वरचं प्रीतीचं आडनाव आणि गाव पुन्हा बघितलं, घडी घातली आणि परत दिला.

“या घरचं मला काही सांगू नको,” ती म्हणाली.

मग, गॅसकडं तोंड करून, तिनं थोडकं सांगितलं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आई रोज कामावर एक पितळी डबी न्यायची, आणि ती डबी या लोकांच्या घरी राहिली होती. माती झाल्यावर चौथ्या दिवशी मावशी तिला घेऊन डबी मागायला त्यांच्या परसदारी गेली. दारात त्यांची नवी सून उभी होती. तिनं पोरीकडं बघितलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. आतून कडी घातली. मावशीनं दोनदा हाक मारली. नंतर दोघी परत आल्या. पुढं महिन्याभरात मावशीनं तिला जालन्याला आणलं आणि शाळेत घातलं.

“त्या सुनेचं नाव झुंबर,” सत्यशीला म्हणाली. “तुला जायचं तर जा. मला त्यात ओढू नको.”

सुमेधा रविवारी गेली. प्रीती बसथांब्यावर घ्यायला आली होती. मॅडम घरी येणार म्हणून ती खूश होती आणि वाटभर बोलत होती. तिचे वडील भागवत सोयाबीन बघायला रानात गेले होते, आई माहेरी होती. रस्त्याकडेला नवं स्लॅबचं घर होतं आणि त्याच्या मागं पत्र्याची एक जुनी खोली. आजीसाठी पुढं पंख्याची खोली बांधली, पण ती मागंच राहते, असं प्रीतीनं सांगितलं. ती पाणी आणायला पुढच्या घरात वळली आणि सुमेधा एकटीच बोळातून मागं गेली.

दुपारचे बारा वाजले असतील. ऊन कडक होतं. खोलीचं परसदार उघडं होतं आणि त्या उजेडात झुंबरबाई सुपात मोहरी निवडत बसली होती. बहात्तरीची, कृश, हातात काळपट पडलेल्या पाटल्या. पिवळ्या मोहरीतला मोहरीएवढाच खडा ती बोटाच्या टोकानं टिपून बाजूला काढत होती. सुमेधाची चाहूल लागली तशी तिनं मान वर केली, सुमेधाकडं बघितलं, मग तिच्या खांद्यामागं बघितलं.

“दोघी आल्या,” ती म्हणाली. “या.”

सुमेधानं वळून पाहिलं. बोळात कोणी नव्हतं. भिंतीला लावलेली सायकल आणि तिची सावली, एवढंच होतं. म्हातारीची नजर गेली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच वेळी सुपाकडं लक्ष जाऊन ते खरं नाही हेही कळलं.

ती बसली. आपण प्रीतीच्या बाई, लोणच्याचं विचारायला आलो, असं तिनं सांगितलं. आणि मग, लपवून उपयोग नव्हता म्हणून, आपण कौसल्येची नात असल्याचंही सांगितलं.

झुंबरबाईचे हात सुपातच राहिले.

“सत्याची पोरगी?”

आईला सत्या म्हणणारं सुमेधाच्या माहितीत कोणी नव्हतं. मावशीआजीसुद्धा तिला शीला म्हणायची.

प्रीती पाणी घेऊन आली तेव्हा झुंबरबाईनं तिला चहा ठेवायला पुढं पाठवलं आणि जल्दी येऊ नको म्हणून बजावलं. नंतर तिनं सुरुवात केली. ती सलग सांगत नव्हती. मध्येच थांबायची, परसदाराकडं बघायची आणि पुन्हा धागा धरायची.

त्या साली पाऊस आलाच न्हाई, ती म्हणाली. ज्याला वीस एकर त्यालाही आणि ज्याला वावर नाही त्यालाही घमेलं उचलायला जावं लागलं. अप्पाराव, तिचे मालक, बैलं घेऊन गोदाकाठी चाऱ्याला गेलेले. ती वीस वर्षांची, पहिलटकरीण, पाचवा महिना. पोटात काही ठरत नव्हतं. रेशनवरच्या मिलोची, त्या तांबड्या परदेशी ज्वारीची, भाकर तोंडात धरली की उलटी यायची. कौसल्या तिच्या ओळीत खोदायची, तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. जेवणाच्या सुट्टीत कौसल्या तिच्या बायांसंगट एका बाजूला बसायची, झुंबर आपल्या बायांसंगट दुसऱ्या बाजूला. मधी दगडांची एक रेघ मारलेली होती. ती कोणी मारली ते झुंबरला ठाऊक नव्हतं, पण ओलांडत कोणी नव्हतं.

“एका दिवशी मी उलटी करून आडोशाला बसल्ते. ती आली न् डबी पुढं केली. म्हणली, एक फोड जिभेवर धर, गिळू नको. मी इकडं-तिकडं बघितलं न् घेतली. गोड, आंबट, मधीच लवंगीचा चटका. त्या दिशी पहिल्यांदा भाकर खाली उतरली.”

दुष्काळाच्या आदल्या सालचं लोणचं होतं ते, बरणीच्या तळाशी उरलेलं. कौसल्या रोज चार फोडी आणायची, दोन झुंबरला द्यायची. झुंबर सासूला चोरून खायची. मग तिनं रीत विचारली. गावात वाळकाचा एक वेल जिवंत नव्हता, गूळ डोळ्यांना दिसत नव्हता, आणि या दोघी मुरमाच्या ढिगाआड बसून गोड लोणच्याची रीत बोलत होत्या. कौसल्या रोज थोडंच सांगायची. एक दिवस वाळूक कसं निवडायचं: बोटभर जाड, बी न धरलेलं, देठापाशी चाखून कडू निघालं तर टाकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी मीठ-हळद लावून रातभर ठेवायचं आणि सकाळी पिळून धडप्यावर, म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर, एक ऊन द्यायचं. तिसऱ्या दिवशी जांभळाचा सिरका. चौथ्या दिवशी गुळाचा पाक, तार यायच्या आत उतरवायचा. पाचव्या दिवशी मसाला.

एवढा मसाला हिच्या घरी कुठून आला, हे झुंबरनं विचारलं होतं. कौसल्या हसली होती. तिची आजी पोरवयात जालन्याच्या छावणीत एका मडमेच्या घरी भांडी घासायची. मडम काकडी साखरेत आणि सिरक्यात मुरवायची, दालचिनी-लवंग घालून. पोरीला स्वयंपाकघरात यायला मनाई नव्हती, पण काही लिहून घ्यायला तिला लिहिता येत नव्हतं. तिनं ते नाकानं लक्षात ठेवलं. छावणी उठली, मडम गेली, पोरगी गावी आली. साखरेच्या जागी गूळ आला, काकडीच्या जागी वाळूक, आणि मडम कधी घालत नव्हती अशी बडीशेप आणि मोहरीची डाळ आली. लेकीला सांगितलं, लेकीनं कौसल्येला.

सुमेधा लिहून घेत होती. इतक्या वर्षांत कोणत्याच कागदावर तिला एवढं मागं जाता आलं नव्हतं. 

“पाच दिवस झाले,” झुंबरबाई म्हणाली. “शेवटचं एक राह्यलं, उद्या सांगते म्हणली न् डबी माझ्याकडंच ठेवून गेली. दुसऱ्या दिशी मला ताप आला, मी कामावर गेले न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिशी दुपारच्याला मी इथंच पडल्ते. ह्याच जागी. परसदार उघडं होतं. ती येऊन उंबऱ्याभायेर उभी राह्यली. केसांत मुरूम, पापण्यांवर मुरूम. मला वाटलं कामावरूनच आली. मी म्हणले, कौसल्ये, सुट्टी झाली का. तर म्हणली, राह्यलेलं सांगते, ध्यान देऊन ऐक. तिनं सांगितलं. मंग म्हणली, हे माझ्या सत्याला सांग. पोरीला कोरडी भाकर गिळत न्हाई.”

झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“दिवस मावळताना सासू भायेरून आली न् म्हणली, काल सकाळी कामावर दरड पडली. कौसल्या गेली. रातीच माती दिली.”

सुमेधानं लिहिणं थांबवलं. तापात माणसाला दिसतं, असं ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात येतो तसा आला.

“तापातच दिसलं असंल,” झुंबरबाई म्हणाली. “पर तिनं सांगितलेलं मला आधी माहीत नव्हतं. पुढल्या साली वाळूक आलं, मी सांगितल्यापरमाणं केलं, न् चव बराबर तीच आली. आता ताप काय लोणचं शिकवतो का?”

त्या वर्षीपासून दर भादव्यात, वाळकाच्या फोडी उन्हात पडल्या की, ती परसदारी येते. बोलत नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि बघत राहते. बावन्न वर्षं झाली. “मी म्हातारी झाले,” झुंबरबाई म्हणाली, “ती माझ्या सुनेपेक्षा लहान दिसती आता.” सासू होती तोवर झुंबरबाईनं नाव घेतलं नाही. सासू गेली त्या वर्षी लोणचं वाढताना पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाली की हे कौसल्येचं. कोणी काही विचारलं नाही.

मग सत्याला का सांगितलं नाही, हे सुमेधानं विचारलं. दार का लावलं, हेही विचारलं. तिला राग यायला हवा होता आणि तो येत होता, पण अंगावर काटा होता म्हणून नीट पुढं येत नव्हता.

झुंबरबाईनं सूप बाजूला सारलं.

“पोरगी आल्ती मावशीचा हात धरून,” ती म्हणाली. “मी तिला सांगणार होते. तोंड उघडलं, तर पोरीच्या दुसऱ्या अंगाला ती उभी. पोरीचा दुसरा हात तिच्या हातात. मी भ्याले न् दार लावलं. पर तेवढंच सांगितलं तर खोटं होईल. आतून सासू बघत होती. तिच्या हातचं खाल्लं हे कळलं असतं. मी कशाला जास्त भ्याले, मला न्हाई सांगता येत. तवाही न्हाई, आताही न्हाई.”

शेवटची रीत तिनं सुमेधाला सांगितली नाही. ती सत्याची आहे, म्हणाली. आपण ती वापरली, पण दिली कोणाला नाही, सुनेलाही नाही. सत्या येत नसेल तर ती आपल्याबरोबर जाईल. प्रीती चहा घेऊन आली, आणि तिघींनी तो प्यायला. निघताना सुमेधाच्या ध्यानात आलं की प्रीतीनं चार कप आणले होते. कोणासाठी, असं तिनं विचारलं. प्रीती गोंधळली. आजीकडं तुम्ही बसलेल्या आणि परसदाराबाहेर अजून एक जण उभी दिसली ना खिडकीतून, म्हणाली, मला वाटलं शेजारच्या काकू आल्या.

घरी आल्यावर दोन दिवस सुमेधानं आईला काही सांगितलं नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर होतं ते. भूत, भानामती, अंगात येणं, यातल्या कशाला तिथं जागा नव्हती. सत्यशीलेनं दवाखान्यात शेकडो मेलेली माणसं स्वतःच्या हातांनी पुसून, बांधून नातेवाइकांच्या ताब्यात दिली होती. मेलेलं माणूस किती मेलेलं असतं हे मला विचारा, असं ती म्हणायची. अशा बाईला हे काय म्हणून सांगायचं?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सांगितलंच. छावणी सांगितली, मडम सांगितली, डबीतल्या चार फोडी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेली आणि पुढं दर भादव्यात उंबऱ्याबाहेर उभी राहणारी कौसल्याही सांगितली, झुंबरबाई म्हणाली असं म्हणून, आपलं त्यात काही नाही अशा स्वरात. सत्यशीला मेथी निवडत होती. कोरड्या भाकरीचं आलं तेव्हा तिचे हात जरा मंदावले, पण थांबले नाहीत. मग सुमेधा दारापाशी आली. पोरीचा दुसरा हात तिच्या हातात होता, असं त्या म्हणतात, सुमेधानं सांगितलं.

सत्यशीलेनं जुडी खाली ठेवली.

“कोणता हात म्हणाली?”

“ते नाही सांगितलं.”

सत्यशीलेनं आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि तळव्याकडं बघत राहिली.

“मावशीनं डावा धरला होता,” ती म्हणाली. “उजवा पण कुणीतरी धरला होता. वस्तीपासून त्यांच्या दारापर्यंत. खरबरीत हात, ओला. मी वर बघितलं न्हाई. मला वाटलं मावशीसोबत कोणी बाई असंल. परत येताना तो हात नव्हता. मी मावशीला विचारलं, दुसरी बाई कुठं गेली. मावशीनं माझ्या थोबाडीत मारली. त्यानंतर आजपर्यंत मी हे कोणापाशी बोलले न्हाई.”

 सत्यशीला उठली, हात धुतले, टॉवेलला पुसले, परत धुतले. उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे, एवढंच तिनं विचारलं.

दोघी दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा झुंबरबाईनं फोडी वाळवून तयार ठेवल्या होत्या. कोणी कळवलं नव्हतं. सत्यशीला पुढच्या घरातून गेली नाही. ती बाहेरून, रानाच्या अंगानं, परसदारी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. पांढरी साडी, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर दवाखान्यात असायचा तो कोरडेपणा. झुंबरबाई भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. झुंबरबाईनं बोलायचा प्रयत्न केला, पण आधी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सत्यशीलेनं तिला रडू दिलं. थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही.

शेवटी झुंबरबाई म्हणाली, “आत ये सत्या.”

“आधी तिला बोलवा,” सत्यशीला म्हणाली. “बावन्न वर्षं उभी ठेवली म्हणता ना? मंग आधी तिला आत घ्या.”

झुंबरबाईनं सत्यशीलेच्या उजव्या बाजूला, मोकळ्या उन्हात बघितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दारातून बाजूला सरकली.

“कौसल्याबाई,” ती म्हणाली, “आत या.”

आयुष्यभर तिनं कौसल्ये म्हणून हाक मारली होती. सुमेधा बोळाच्या टोकाला उभी होती. तिला काही दिसलं नाही. फक्त सत्यशीला आत शिरताना जरा तिरपी झाली, दार अरुंद असलं आणि दोन माणसं एकदम जात असली की होतात तशी. आईनं बोलावलं तशी सुमेधाही मागून आत गेली.

दार लावून घेतलं. आत तिघीच होत्या. चुलीत गोवरीचे निखारे लाल झाले होते. झुंबरबाईनं चिमट्यानं एक निखारा लोखंडी पाटीत घेतला आणि खड्याच्या हिंगाचा तुकडा सत्यशीलेच्या हातात दिला. निखाऱ्यावर हिंग टाकायचा, धूर उठला की रिकामी बरणी वर पालथी धरायची. धूर आत कोंडायचा, वीस मोजेपर्यंत हलवायची नाही, आणि धूर आत असतानाच फोडी भरायच्या. एवढंच होतं ते. हे ऐकून सुमेधाला जवळजवळ हसू आलं. हिंगाची धुरी कितीतरी घरांत देतात, तिच्या पाठ्यपुस्तकातही होती. पण सत्यशीला निखाऱ्यापाशी उकिडवी बसली होती आणि वीस मोजताना तिचे ओठ लहान पोरीसारखे हलत होते.

पत्र्याच्या बंद खोलीत हिंगाचा धूर भरला. आधी झुंबरबाईला खोकला आला, मग सुमेधाला, मग सत्यशीलेला. आणि तिघी खोकून गप्प झाल्यावर चौथा खोकला आला. कोरडा आणि खोल, आयुष्यभर माती उचललेल्या माणसाचा असतो तसा. तो चुलीच्या पलीकडून आला, जिथं पाण्याचा माठ होता आणि दुसरं काही नव्हतं.

कोणी मान वळवली नाही. “भर,” झुंबरबाई हळूच म्हणाली, “धूर निघून जाईल.” सत्यशीलेनं फोडी भरल्या.

गाडीत सत्यशीला मस्तगड येईपर्यंत बरणी मांडीवर धरून बसली होती. महिन्यानं लोणचं मुरलं. तिनं ज्वारीची भाकर केली, तूप नाही, भाजी नाही, आणि एक फोड घेऊन जेवायला बसली. सगळी भाकर खाल्ली. ताटातला शेवटचा कण टिपून खाल्ला आणि सुमेधाला म्हणाली की हीच चव, पण तिची याहून जरा तिखट होती. झुंबरबाईनं पोटुशी असताना रीत विचारली म्हणून तिला कमी तिखटाची सांगितली असणार.

झुंबरबाई माघात गेली. काही आजार नव्हता. जाण्याआधी तिनं प्रीतीकडून निरोप पाठवला होता की परसदारी आता कोणी येत नाही, ऊन नुसतं ऊन दिसतं, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून करमत नाही. सत्यशीला मातीला गेली. भागवतला तिनं विचारलं नाही की कुठं उभं राहू. ती बायकांमध्ये पुढं जाऊन उभी राहिली, आणि कोणी काही बोललं नाही.

यंदा भादव्यात सत्यशीलेनं घरी वाळूक आणलं. गच्चीवर धडप्यावर फोडी घातल्या. सुमेधाला वाटलं की आता आईचं मन निवांत झालं, आणि दिवसभर ती बोलायचीही तशीच, हलकी, पूर्वी कधी नसायची इतकी. एकदा कॉलेज दुपारीच सुटलं आणि सुमेधा अडीच वाजता घरी आली. किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, पण तो नेहमीचा नव्हता. बारीक होता आणि भरभर बोलत होता, शाळेतून आलेलं पोर बोलतं तसा. बाई काय म्हणाल्या, कोणी कोणाला ढकललं. मग तो थांबायचा, ऐकल्यासारखा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

सुमेधा दारापर्यंत गेली. सत्यशीला जमिनीवर बसली होती, दाराकडं पाठ करून, मान किंचित मागं, कोणीतरी केस ओढून धरल्यावर होते तशी. दोन वर्षांपासून तिचा उजवा खांदा आखडलेला आहे. हात कानाच्या वर जात नाही आणि सकाळी तिचा अंबाडा सुमेधाच घालून देते. आत्ता तिचे दोन्ही हात मांडीवर होते. पांढऱ्या केसांच्या एका बाजूला घट्ट वेणी घातलेली होती, कानापाशी दुमडून वर बांधलेली. दुसऱ्या बाजूची अर्धी झाली होती. तीन पेड हवेत ताणलेले होते, आणि सुमेधा बघत असतानाच एक पेड दुसऱ्यावरून गेला.

“आई,” ती कशीबशी म्हणाली.

सत्यशीलेनं मान वळवली नाही.

“थांब जरा,” ती म्हणाली. “तिचं होऊ दे.”

सुमेधा बाहेर आली, जिना उतरली आणि मस्तगडच्या उतारावर एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. समोरून रिक्षा जात होत्या, भाजीवाली लिंबं रचत होती. चार वाजता ती वर गेली. सत्यशीला चहा करत होती, केस मोकळे सोडलेले, चेहरा झोपून उठल्यासारखा. दोघींनी चहा घेतला. कोणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून दोन ते चार सुमेधा स्वयंपाकघरात जात नाही. सुट्टीच्या दिवशी त्या वेळात ती बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसते आणि पंखा मोठा करते. राजानंदला तिनं हे सांगितलेलं नाही. गच्चीवरच्या फोडी वाळून बरणीत गेल्या की कधीकधी तिच्या मनात येतं, या वेळी वाळूक आणूच नये, बाजारात मिळालं नाही म्हणावं. पण मंगळवारी ती बाजारात जाते, देठापाशी चाखून बघते आणि दोन किलो कोवळी बघून घेते.